चाक उलटं करून पाहा

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातून मोंढा नाक्याकडे निघालं की रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात हे दृश्य हमखास दिसतं. दोन अलॉय चाकं शेजारीशेजारी टांगलेली. दोन्ही पंधरा इंची, दोन्ही काळी, दोन्हींच्या आऱ्यांवर चकाकती डायमंड कट कड. एकाचा चारचा सेट अठरा हजारांना, दुसऱ्याचा चौतीस हजारांना. दुकानदार म्हणतो, "साहब, लुक तो सेम टू सेम है." त्याचं काही चुकत नाही. पुढून पाहिलं तर फरक नाहीच. सोळा हजारांचा फरक मागच्या बाजूला असतो, आणि तो बघायला चाक खुंटीवरून उतरवून उलटं करावं लागतं. दुकानदार ते आपण होऊन करत नाही, आणि गिऱ्हाईक बहुधा सांगत नाही.

*

उलटं केल्यावर काय दिसायला हवं?

बनवणाऱ्याचं नाव. माप, म्हणजे १५ × ६ जे किंवा तसं काही. पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास: स्विफ्ट, आय ट्वेंटी अशा गाड्यांना ४ × १००. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते: ईटी आणि पुढे आकडा. कमाल भार किलोंमध्ये. कुठे कुठे टी ६ अशी खूण. आणि एक छोटा गोल शिक्का, मधे वर्षाचे दोन आकडे आणि भोवती महिन्यांचे ठिपके; हे चाक कधी ओतलं ते त्यावरून कळतं. अक्षरं धातूतूनच उठून आलेली हवीत. नुसतं स्टिकर असेल तर ते सोलून निघतं, आणि त्याच्याबरोबर चाकाचं कूळही जातं.

स्वस्त चाकाच्या पाठीवर बहुतेक वेळा माप आणि एक पल्लेदार इंग्रजी नाव एवढंच असतं. भाराचा आकडा नसतो. तो नसला की माझ्यापुरता व्यवहार तिथेच संपतो, भाव काहीही असो.

*

भाराचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे भलेभले फसतात.

ब्रेझाची पीसीडी ५ × ११४.३. इनोव्हा क्रिस्टाचीही ५ × ११४.३. म्हणजे एकीचं चाक दुसरीला नटांनी व्यवस्थित बसतं. पण एक पाच जणांची छोटी गाडी, दुसरी सात-आठ माणसं आणि टपावर सामान घेऊन तुळजापूर-पंढरपूर करणारी. छोट्या गाडीच्या भाराचा हिशेब धरून ओतलेलं चाक मोठ्या गाडीला लावलं तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणून तर लोक लावतात.

हिशेब करताना गाडीचं भरलेलं वजन भागिले चार, असं करून चालत नाही. इंजिन पुढे असतं, ब्रेक मारला की वजन आणखी पुढे झुकतं. ज्या एक्सलवर जास्त भार येतो त्याच्या निम्मा तरी आकडा चाकावर हवाच, आणि वर थोडी सूट हवी.

*

क्रांती चौकातला शिवाजी महाराजांचा पुतळा ब्राँझचा, ओतीव. २१ फूट उंच पुतळा आणि ३१ फुटांचा चौथरा. १८ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री त्याचं अनावरण झालं. त्याच्याच पायाशी, सिग्नलला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीखालीही चार ओतीव वस्तू असतात. पुतळ्याला ऊन, वारा, पाऊस आणि स्वतःचं वजन सोसायचं असतं. चाकाचं काम वेगळं. १८५/६५ आर १५ टायरचं चाक एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे घेतं. इथून पुणं गाठेपर्यंत लाखाच्या पुढे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरा एकदा दाबला जातो आणि एकदा सुटतो. एक लाख किलोमीटर गाडी चालली तर पाच कोटींवर वेळा. धातू एका धक्क्याने क्वचितच मोडतो. तो असा वाकून-सुटून थकतो आणि आत जिथे आधीच बारीक पोकळी असेल तिथून चिरत जातो.

म्हणूनच चाकाच्या मुख्य चाचण्या तीन असतात. एकीत चाक फिरत्या ड्रमवर दाबून लाखो फेरे फिरवतात. दुसरीत वळणावर येणारा ताण देऊन हबजवळचा भाग थकवतात. तिसरीत टायर चढवलेलं चाक १३ अंशांच्या कोनात ठेवून कडेवर वरून वजन आपटतात. ही तिसरी चाचणी आपल्याकडे महापालिका फुकट घेते.

*

या शहराला ओतकाम नवीन नाही. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्याच्या आगेमागे सुटे भाग करणारे आले. एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय वाळूजलाच, आणि अ‍ॅल्युमिनियम ओतकाम आणि दुचाकींची अलॉय चाकं हा तिच्या धंद्याचा मोठा भाग. पुण्याला जाताना शिक्रापूर लागतं. तिथे एन्केई ही जपानी कंपनी मोटारींची अलॉय चाकं ओतते. म्हणजे चांगलं चाक कसं होतं हे ज्याने हाताने केलंय असा माणूस आपल्या गल्लीत, निदान आपल्या नात्यात निघतोच.

माझ्या ओळखीचे एक काका वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते, आता निवृत्त आहेत. त्यांना विचारलं, स्वस्त आणि चांगल्या चाकात नेमकं काय वेगळं? धातू? ते म्हणाले, "धातूचं नाव दोन्हीकडे तेच सांगतील. ए ३५६. अ‍ॅल्युमिनियम, त्यात सात टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. तू पुढचं विचार." पुढचं म्हणजे ओतलं कसं आणि ओतल्यावर काय केलं.

चांगल्या कारखान्यात वितळलेला धातू हवेच्या दाबाने खालून साच्यात हळूहळू चढवतात, म्हणजे आत हवा कोंडत नाही. साध्या पद्धतीत तो वरून ओततात. ओतून झालेलं चाक मग सुमारे ५४० अंशांवर काही तास तापवायचं, पाण्यात बुडवून झटक्यात गार करायचं, आणि पुन्हा दीडशे-एकशे साठ अंशांवर काही तास ठेवायचं. हीच टी ६ हीट ट्रीटमेंट. तिने धातूला ताकद येते आणि ती ताकद ठिसूळ नसते. त्यानंतर एक्स-रे, गळतीची चाचणी, फिरवून तोल पाहणं. "एक्स-रेत बुडबुडा दिसला की चाक परत भट्टीत," काका म्हणाले. "चांगल्या मालाची किंमत तू घेतलेल्या चार चाकांची नसते रे. वितळवून टाकलेल्या पाचव्याची पण त्यात असते."

भट्टीला वीज लागते, वेळ लागतो. पैसे वाचवायचे ठरवले तर इथेच वाचतात, कारण रंग चढवल्यावर हे कुणालाच दिसत नाही.

*

जेडब्ल्यूएल. ही खूण स्वस्त चाकावरही दिसते आणि तिच्यावर लोक निर्धास्त होतात. ते जपानचं मानक आहे, आणि आपलं चाक त्यात बसतं हे बनवणारा स्वतःच ठरवून खूण करतो. शेजारी व्हीआयए असेल तर त्रयस्थ संस्थेने तपासून नोंद केलेली असते. पण साच्यात अक्षरं कोरायला कुणाची परवानगी लागत नाही, हेही आहेच.

आपल्याकडे प्रवासी मोटारींच्या चाकांसाठी बीआयएसचं आयएस ९४३६ हे मानक आहे आणि चाकांच्या रिमना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा सरकारी आदेश २०२० मधला. चिन्हाबरोबर सीएम/एल आणि परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा, कशासाठीचा, चालू आहे का, हे लगेच कळतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. क्रमांक टाकायला लागलात की दुकानदाराचा चेहरा बघा. निम्मी माहिती तिथेच मिळते.

*

"चायना माल" म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. चीनमध्ये जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांची चाकं ओतली जातात. चीन, कोरिया आणि थायलंडहून येणाऱ्या अलॉय चाकांवर भारताने २०१४-१५ मध्ये अँटी-डंपिंग शुल्क लावलं ते फार स्वस्त विकतात म्हणून, वाईट आहेत म्हणून नाही. देशी म्हणून चांगलं असंही नाही. प्रश्न इतकाच की बनवणारा आपलं नाव चाकावर घालायला तयार आहे का.

खरी भानगड "फर्स्ट कॉपी"ची. नामांकित कंपनीच्या चाकाचा चेहरा हुबेहूब उचलतात. चेहरा उचलता येतो. आऱ्याची जाडी कुठे वाढवली, कुठे कमी केली आणि का, ते मूळ कंपनीच्या संगणकात राहतं.

*

अलॉय हलकं असतं, हे सरसकट खरं नाही. धातूवर भरवसा नसला की ओतणारा तो जाड ओततो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा घेऊन जा आणि दोन्ही चाकं तोला. पंधरा इंची स्टीलची डिस्क साधारण सात-आठ किलोंची. स्वस्त अलॉय तिच्याइतकंच किंवा तिच्याहून जड निघालं तर आपण पैसे फक्त दिसण्याचे देतोय हे कबूल करून घ्यावं. दिसण्याचे पैसे देऊ नयेत असं नाही. लग्नाच्या हॉलचे देतोच की.

*

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये या शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. देशभर बातमी झाली, आणि आमच्याकडे पाहुणा आला की अजून सांगतात. त्यातली श्रीमंती सगळ्यांना दिसली. मला त्यातला हिशेब आवडतो: माल उत्तमच घ्यायचा, पण एकट्याने भाव करायचा नाही. चाकांना हे लागू पडतं. एका ऑफिसात, एका सोसायटीत एकाच मॉडेलच्या चार गाड्या निघतातच. चारांनी मिळून अधिकृत विक्रेत्याकडे जावं. सोळा सुट्या चाकांवर तो जो भाव देतो तो चारांवर देत नाही.

*

रस्ते. जायकवाडीहून शहराला पाणी आणणाऱ्या २,५०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीसाठी आणि आतल्या वाहिन्यांसाठी काही वर्षं सगळं खणलं गेलं. खड्डा बुजवतात, पाऊस येतो, भराव खाली बसतो, आणि डांबराची धारदार कड वर राहते. चाकाला खोल खड्ड्यापेक्षा ही कड जास्त नडते.

चिरलेलं चाक पाहिलं तर चीर बहुधा पुढून दिसत नाही. ती आतल्या, गाडीच्या पोटाकडच्या कडेला असते, कारण आरे पुढच्या बाजूला असतात आणि आतल्या कडेला आधार कमी. लक्षण म्हणजे हवा. दर आठवड्याला एकाच चाकात चार-पाच पीएसआय कमी होते, पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवतो आणि म्हणतो, "पंक्चर नाहीये." मग व्हॉल्व्ह बदलतात. मग बीड घासून पेस्ट लावतात. टायर उतरवून रिमची आतली कड कपड्याने पुसून उजेडात धरायला कुणी तयार नसतं. ते आपणच करायला सांगावं.

स्टीलची डिस्क याच धक्क्याला वाकते. वाकलेली हातोड्याने बऱ्यापैकी सरळ होते आणि घरी पोचवते.

*

आता मोठ्या मापाचा मोह. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास एकच, ६२ सेंटिमीटर. कंपनीने तो जमवून दिलेला आहे, कारण स्पीडोमीटर आणि एबीएस त्या व्यासावर चालतात. सोळा इंचाला १९५/५५ टायर घातला तरी व्यास तोच राहतो. मग बदललं काय? टायरची बाजूची भिंत. चौदा इंचाला ती १३२ मिलिमीटर, पंधराला १२०, सोळाला १०७. म्हणजे चौदावरून सोळावर जाताना रिम आणि खड्डा यांच्यामधलं एक इंच रबर आपण पैसे देऊन काढून टाकतो. हौसेला मोल नसतं, पण या रस्त्यांवर एक इंच रबराला आहे.

सोळा घालायचंच असेल तर ते चांगल्याच कंपनीचं घाला. स्वस्त चाक आणि पातळ टायर ही जोडी एकत्र आणू नका. स्वस्तच घ्यायचं ठरलं असेल तर निदान मूळ मापात राहा.

*

ऑफसेट. चाक फेंडरच्या बाहेर डोकावलं की पोरांना रुबाब वाटतो. बेअरिंगवरचा ताण वाढतो, वळताना टायर आत घासतो, पावसात चिखल दारांवर उडतो. स्पेसर लावून बाहेर काढलेलं चाक तर नकोच.

*

मधलं भोक. हबचा व्यास गाडीगणिक वेगळा: स्विफ्टचा ५४.१ मिलिमीटर, पोलोचा ५७.१. बाजारातली चाकं सगळ्यांना बसावीत म्हणून भोक मोठं ठेवतात आणि मधली फट भरायला कडी घालतात. ती हब रिंग मागून घ्यावी लागते. विसरली तर चाक फक्त नटांवर तोललेलं राहतं. जात्याचा खुंटा ढिला झाला की पीठ जाडंभरडं पडतं, तसं मग स्टिअरिंग ऐंशीच्या पुढे थरथरतं आणि बिचारा अलाइनमेंटवाला शिव्या खातो.

नटांचंही तसंच. कंपनीच्या नटाची बैठक शंकूसारखी की गोल, हे नव्या चाकाशी जुळलंच पाहिजे. पाच नटांच्या चाकात ५ × ११२ च्या जागी ५ × ११४.३ "दाबून बसतं" असं कुणी म्हणालं तर गाडी स्टार्ट करून निघावं.

*

शहरात क्रांती चौक ते सिडको ताशी चाळीसच्या वर कुणाला जाता येतंय? त्या वेगाला वाईट चाक पकडलं जात नाही. त्याची परीक्षा समृद्धी महामार्गावर होते. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ पासून ७०१ किलोमीटर पूर्ण खुला आहे. मोटारींना १२० ची मर्यादा. काँक्रीट, ऊन आणि एक तास एकाच वेगाने सलग पळणं, हे आपल्या गाड्यांनी आधी कधी केलेलं नव्हतं. झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवायला आरटीओने तिथे तपासणी लावली ते उगीच नाही. टायर दिसतो म्हणून तपासतात. रिम कोण तपासणार?

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरताना तिथेच उभं राहा. मोबाइल खिशात. चाक डावीकडे-उजवीकडे डोलतंय का ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. वीस-तीस ग्रॅम वजन लागलं तर ठीक. रिमच्या आतून शिशाच्या पट्ट्यांची रांगच लागली, शंभराच्या घरात गेली, तर आधी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायला सांगा. तरीही आकडा उतरला नाही तर दोष रिमचा. नवीन चाक असेल तर तिथल्या तिथे परत करा. गाडीला लागून धूळ बसल्यावर कुणी घेत नाही.

(सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धीवर माळीवाड्याच्या बाजूला तडे बुजवायला लावलेले अ‍ॅल्युमिनियमचे नोझल रस्त्यात उभे राहिले आणि रात्री गाड्यांचे टायर फुटले. अशा वेळी कितीही महागाचं चाक असो, वेळ निभावते स्टेपनी.)

*

स्टेपनीवरून आठवलं. चार अलॉय घेतली तरी पाचवी डिस्क बहुतेक वेळा मूळ स्टीलचीच राहते. आणि अलॉयचे नट स्टीलच्या डिस्कला चालतीलच असं नाही. रात्री साडेदहाला नेवासे फाट्यावर हे कळण्यापेक्षा मूळ नटांचा एक संच डिकीत पिशवीत घालून ठेवावा. चोरीला आळा म्हणून लॉक नट लावले असतील तर त्याची चावीही तिथेच. ती घरच्या ड्रॉवरमध्ये राहते, हा सार्वत्रिक अनुभव.

*

जुनी चाकं. इथे दोन अगदी वेगळे माल एकाच नावाने विकले जातात.

एक: ज्याने नवी गाडी घेतली आणि पंधरवड्यात मोठी चाकं चढवली, त्याची उतरवलेली कंपनी-फिटेड अलॉय. मोटार कंपनीने स्वतःच्या गाडीसाठी तपासून घेतलेली, माप अचूक, ऑफसेट अचूक, हब रिंगची गरज नाही. ही मिळाली तर स्वस्त आणि चांगलं हा वादच मिटतो. माझ्या मते मध्यमवर्गीय माणसाने सगळ्यांत आधी हीच शोधावीत, मग नवीन माल पाहावा.

दोन: "एकदम नव्यासारखी" रंगवलेली. तडा गेलेलं चाक आर्गन वेल्डिंगने भरून, घासून, वर पावडर कोटिंग केलं की डोळ्यांना कळत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागातली टी ६ ची सगळी मेहनत वाया गेलेली असते. धातू तिथे मऊ पडतो. कडेचा बारीक वाक प्रेसवर सरळ करून घेणं वेगळं आणि आऱ्यातली किंवा हबजवळची चीर वेल्ड करणं वेगळं. दुसरं चाक फुकट दिलं तरी घेऊ नये. नवीन रंगाचं जुनं चाक दिसलं की आतली कड नखाने चाचपावी, आणि रंग आतपर्यंत का दिलाय ते विचारावं.

*

कायद्याचं. मूळ तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आपल्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनी जे माप देते त्यात राहिलं तर बोलायला जागा राहते. फेंडरबाहेर आलेल्या सतरा इंचाला राहत नाही. विमा कंपनीलाही चाकं बदलल्याचं कळवावं. थोडा जादा हप्ता पडतो, पण चाकांची किंमत पॉलिसीत येते.

*

"बिल हवं का साहेब? मग जीएसटी लागेल." सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. तेव्हा बिल घेणं आता पूर्वीइतकं जड नाही. बिल नसेल तर वॉरंटी नाही, आणि वॉरंटी म्हणजे काय तेही वाचून घ्यावं. बऱ्याचदा ती रंगाची असते, रचनेची नसते. "लाइफटाइम गॅरंटी" कोणाच्या लाइफची, हे विचारल्यावर एक दुकानदार मोकळेपणाने हसला होता.

*

आऱ्यांची संख्या. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात वीस बारीक आऱ्यांचं चाक घेणाऱ्याने घरच्यांना आधी विचारावं. पाच जाड आऱ्यांचं चाक दोन तांब्यांत धुऊन होतं. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग काळ्या रंगावर उठून दिसतात, चंदेरीवर लपतात. वॉशिंग सेंटरवाला चाकावर अ‍ॅसिड मारत असेल तर हात धरावा. वरचं लॅकर त्याने जातं आणि डायमंड कटच्या खाली पांढरी बुरशी धरते.

*

लोक विचारतात तेव्हा दोनच पर्याय धरून विचारतात: अठरा हजारांचं घेऊ की चौतीसचं? तिसरा पर्याय गाडीला आधीच लागलेला असतो. स्टीलची डिस्क. एक खराब झाली तर कंपनीची नवीन दोन-अडीच हजारांत मिळते, धक्का खाते, वाकते, सरळ होते. चौतीस हजार सुखाने देता येत असतील तर नाव, भार आणि परवाना क्रमांक पाहून चांगली अलॉय घ्या. येत नसतील तर डिस्क काळ्या रंगाने रंगवून घ्या आणि उरलेल्या पैशांत चार चांगले टायर टाका. गाडी रस्त्याला धरून ठेवतात ते टायर. या तिन्हींत सगळ्यांत वाईट खरेदी मधली, अठरा हजारांची: स्टीलचा सोशिकपणा गेला आणि अलॉयची ताकदही आली नाही.

*

घेतलीच, तर बसवताना नट गनने करकचून आवळू देऊ नका. टॉर्क पाना मागा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. नट समोरासमोरचे, आलटूनपालटून. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर दुकानात परत जाऊन नट पुन्हा तपासून घ्या. त्याचे पैसे कुणी घेत नाही.